पाच रुपयांचा वायसर

मंडळी, आज जरा घरच्या नळाविषयी. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

कोगनोळीच्या आमच्या घरात बाबांच्या काळात प्लंबर आल्याचं मला आठवत नाही. लोखंडी पाईपच्या आट्यांवर सुतळी गुंडाळायची, वर सफेदा लावायचा आणि पान्यानं आवळायचं. पाईप चिरला तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधायची. पाना त्यांच्या हातात, बॅटरी धरायला मी. एवढं बघूनही शिकलो काही नाही. आपल्याला पुण्यात नोकरी करायची होती ना!

बाबा गेले, आई एकटी राहिली. न्हाणीतली चावी गळायला लागली. प्लंबर आज येतो, उद्या येतो करत आठ दिवस गेले. मीही फोनवर "येईल गं, थांब जरा" एवढंच म्हणायचो. फरशीवर शेवाळ धरलं, आई घसरली, खुब्याचं हाड मोडलं. आधी निपाणी, मग कोल्हापूर. पत्ता कर्नाटकातला असला तरी मोठ्या दुखण्याला आपली गाडी कोल्हापूरलाच जाते. ऑपरेशन झाल्यावर घरी येऊन ती चावी उघडली. आतला रबरी वायसर झिजलेला. किंमत पाच रुपये.

"तुझ्या बाबानं अर्ध्या तासात केलं असतं बघ," आई एवढंच म्हणाली.

यात चूक प्लंबरची नव्हे, माझी. माझं मत असं की एवढं काम घरातल्या प्रत्येकाला यावं, लेकीसुनांनाही. टाकीखालचा कॉक बंद करा, चावी सोडून पाईपमधलं पाणी जाऊ द्या, वरचा नट पान्यानं सोडवा, दांडा उचला, बुडाचा वायसर बदला. टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळा, उलटी गुंडाळली तर आवळताना निघून येते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, चार लिटर तरी पाणी वाया.

भिंतीतला पाईप, गिझरचं कनेक्शन यात मात्र हात घालू नका. तिथं जाणकार माणूसच बोलवा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.

आता गावी गेलो की बाबांची हत्यारांची पिशवी काढतो. पाना लेकीच्या हातात देतो, बॅटरी मी धरतो. आई काठी घेऊन चालते, न्हाणीत जाताना अजून भिंत धरते.

तुमच्या घरी वायसर कोण बदलतं? खाली लिहा.