साहेबांच्या पगाराचे वजन कोण करणार?



या पत्रकात आपण मराठी शाळांविषयी लिहितो, दुकानाच्या पाट्यांविषयी लिहितो, कानडीतून आलेल्या नोटिसा आणि पहाणीवरील चुकलेल्या नावांविषयी लिहितो. या वेळी मी साहेबांच्या पगाराविषयी लिहिणार आहे आणि तोही त्यांच्या बाजूने. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील आपल्या जुन्या घरांतून यावर काय म्हटले जाईल याची मला कल्पना आहे. ज्या साहेबाला आपला मराठी अर्ज वाचता येत नाही, त्याच्या पगाराची काळजी आपण का वाहावी? गाडी आहे, शिपाई आहे, शिवाय वरची मिळकत वेगळीच. मीही काल-परवापर्यंत असेच म्हणत होतो.

मी बँकेत क्लार्क आहे. वीस वर्षे झाली. मार्च २०२४ च्या बाराव्या द्विपक्षीय कराराप्रमाणे क्लार्कचे मूळ वेतन २४,०५० पासून सुरू होते आणि १९ वेतनवाढी घेऊन ६४,४८० वर पोचते. म्हणजे वीस वर्षे काढलेला माझ्यासारखा माणूस श्रेणीच्या टोकाला असतो. त्याच वेळी स्केल एकच्या अधिकाऱ्याची सुरुवात ४८,४८० वर होते. तो दरसाल वेतनवाढ घेत गेला तरी माझा आकडा ओलांडायला त्याला आठ वेतनवाढी लागतात. आता खेड्यातल्या शाखेचे चित्र डोळ्यांसमोर आणा. केबिनमध्ये सत्ताविसाचा मुलगा बसलेला असतो, बिहारचा किंवा केरळचा. तिजोरीची जबाबदारी त्याच्यावर, कर्ज बुडाले तर खुलासा त्याने द्यायचा, ऑडिटला उत्तर त्याने द्यायचे. मी ठरल्या वेळी पिशवी उचलून घरी जातो, जादा थांबवले तर मला ओव्हरटाइम मिळतो. त्याच्या तासांना मोजमाप नाही. आमच्या शाखेत वीस वर्षांत किती मॅनेजर आले आणि गेले ते मी मोजणे सोडून दिले आहे. मला स्वतःला बढतीची परीक्षा देण्याविषयी दोनदा विचारणा झाली आणि दोन्ही वेळा मी नको म्हणून लिहून दिले. हा काही माझ्या साधेपणाचा पुरावा नाही, तो हिशोब आहे. बी.कॉम. झालेल्या माणसाला तेवढा येतो.

फरक कुठे आहे? माझा पगार माझ्या संघटनेने समोर बसून ठरवलेला असतो. १९६६ च्या पहिल्या द्विपक्षीय करारापासून ही पद्धत चालत आली आहे. त्या कराराला औद्योगिक कायद्याचे बळ असते. अधिकाऱ्यांच्याही संघटना आहेत, वाटाघाटीला ते शेजारीच बसतात, परंतु त्यांच्या हाती पडते ती जॉइंट नोट, म्हणजे दोघांनी मिळून केलेले टिपण. कायद्याच्या दृष्टीने तो करार नव्हे, कारण व्यवस्थापकीय काम करणारा हा कायद्यातील 'कामगार' नव्हे. सरकारी खात्यांत तर एवढेही नाही. केंद्र सरकारने १९६६ मध्ये कर्मचाऱ्यांशी बोलण्यासाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी केली. पगार, कामाचे तास, रजा यांवर एकमत झाले नाही तर लवादाकडे जाण्याची सोय तीत आहे. वर्ग एकचे अधिकारी तिच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी लवाद नाही. आयोग बसेल, अहवाल देईल, सरकार त्यातले हवे ते घेईल, आणि साहेब परिपत्रकाची वाट पाहतील.

आयोग काय करतो, तेही पाहू. खालच्या पायरीच्या पगाराला निदान एक हिशोब आहे. डॉ. आयक्रॉइड यांनी माणसाला लागणाऱ्या अन्नाचे माप सांगितले, १९५७ च्या श्रम परिषदेने ते स्वीकारले. एका कुटुंबाचे धान्य, डाळ, दूध, वर्षाचे ७२ वार कापड, भाडे, इंधन अशी बेरीज करून किमान वेतन निघते. सातव्या केंद्रीय आयोगाचे १८,००० असे निघाले. आता वर्ग एकच्या अधिकाऱ्याचे ५६,१०० कसे निघाले? जुने २१,००० घेतले आणि २.६७ ने गुणले. एवढेच. किती गावे त्याच्याकडे आहेत, किती सह्यांची जोखीम आहे, चुकले तर काय होते, हे त्या गुणाकारात कुठेही नाही. कर्नाटकात वेगळे घडलेले नाही. सातव्या राज्य आयोगाच्या शिफारशी १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाल्या. किमान वेतन १७,००० चे २७,००० झाले, कमाल १,५०,६०० चे २,४१,२०० झाले. भागाकार करून पाहा, खाली १.५९ आणि वर १.६०. सगळ्यांना एकाच मापाने वाढवले, वजन कोणाचेच केले नाही. आणि तेवढे तरी वेळेवर मिळावे ना! १ मार्च २०२३ रोजी राज्यातील कर्मचारी संपावर गेले तेव्हा त्याच दिवशी १७ टक्के अंतरिम वाढीचा आदेश निघाला. जे मिळाले ते संख्येच्या जोरावर मिळाले. तालुक्यात एकच असणारा साहेब कोणती संख्या दाखवणार?

वजन करताच येत नाही असे कोणी सांगू नये. ते एकदा झाले आहे, आणि ते आपल्याच आजोबा-पणजोबांचे झाले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थान फुटले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि उरलेले आपण म्हैसूरच्या वाट्याला आलो. त्यातले दुःख इथे उगाळत नाही, ते प्रत्येक घराला पाठ आहे. पण माणसांबरोबर नोकऱ्याही वाटल्या गेल्या. म्हैसूर, हैदराबाद, मुंबई, मद्रास, कुर्ग अशा पाच ठिकाणचे नोकर एका राज्यात आले. एकाच्या हुद्द्याचे नाव एक, दुसऱ्याचे दुसरे, पगार तर कोणाचाच कोणाशी जुळत नव्हता. माझे आजोबा महसूल खात्यात पेशकार होते. जुना पगार सांगताना ते आधी 'हाली की कलदार?' असे विचारून घेत, कारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. मग कोणता हुद्दा कोणाच्या बरोबरीचा, हे ठरवायचे कसे? त्यासाठी चार कसोट्या ठरल्या. पहिली, कामाचे स्वरूप. दुसरी, जबाबदारी आणि अधिकार, हाताखालचा मुलूख केवढा आहे ते धरून. तिसरी, त्या जागेसाठी लागणारी किमान पात्रता. आणि पगार ही चौथी, शेवटची. पहिल्या तिन्ही जुळल्या तर पगारातला फरक आड येत नाही, असे पुढे सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले. शिवाय राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ ने बजावले की केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून या माणसांच्या सेवाशर्ती त्यांच्या नुकसानीच्या दिशेने बदलता येणार नाहीत. अंमलबजावणीत गोंधळ झाला, वर्षानुवर्षे अर्ज आणि कज्जे चालले, आपल्यातल्या कित्येकांनी निवृत्तीनंतरही तारखा केल्या. पण कसोटी बरोबर होती. आधी काम तोला, मग पैसा. आज ती उलटी झाली आहे. आधी जुना पगार घेतात, मग त्याला गुणतात.

ही हाली-कलदारची खोड आजही कामाची आहे. १९७९ च्या सेवा नियमांनी सरकारी बँकांच्या अधिकाऱ्याची सुरुवात ७०० रुपयांवर आणली, तेव्हा केंद्राच्या वर्ग एकची सुरुवातही ७०० वरच होती. आज एकीकडे ४८,४८० आणि दुसरीकडे ५६,१००. पाहणाऱ्याला वाटते, साडेसात हजारांचाच तर फरक आहे. पण पहिला आकडा २०२२ च्या महागाईवर बांधलेला आहे आणि दुसरा २०१६ च्या, त्यावर महागाई भत्त्याचा थर निराळा चढतो. खरा फरक कितीतरी मोठा आहे.

सीमेपलीकडेही पाहा. महाराष्ट्रात नायब तहसीलदाराचे पद १९९८ मध्ये राजपत्रित वर्ग दोनचे केले, पण पगार मात्र खालच्याच वर्गाचा ठेवला. पंचवीस वर्षे निवेदने देऊन अखेर एप्रिल २०२३ मध्ये तहसीलदार आणि नायब तहसीलदार ४,८०० च्या ग्रेड पेसाठी संपावर गेले. ज्यांनी जमावबंदीचे आदेश काढायचे, त्यांच्यावरच मंडपात बसण्याची वेळ आली. उदगीरला आपले सगेसोयरे दाखल्यांसाठी हेलपाटे घालत होते ते याच दिवसांत.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येतो, कारण झळ इथे बसते. केंद्राच्या नियमाने घरभाडे भत्ता आज बेंगळुरूला ३० टक्के, कलबुर्गीला २० आणि बीदरला १० आहे. भाडे इकडे कमी, हे मान्य. पण साहेबाची मुले बेंगळुरूत शिकतात, बायकोची नोकरी तिकडे, दोन चुली चालतात. जसजसे सीमेकडे यावे तसतसा खर्च दुणावतो आणि भत्ता आटतो. मग बदलीचा आदेश हातात पडल्यापासून तो आदेश रद्द करून घेण्याची खटपट सुरू होते. जागा रिकामी राहते आणि शेजारच्या तालुक्याचा साहेब 'इनचार्ज' होतो, सोमवार-गुरुवार येतो, सही करतो, जातो. या दुहेरी कामाचा मोबदला किती? केंद्राच्या मूलभूत नियम ४९ मध्ये दुसऱ्या जागेच्या पगाराच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. माझ्या भाषेत सांगायचे तर सरकार एक जागा रिकामी ठेवून तिच्या पगाराचे ९० टक्के वाचवते. असा फायद्याचा धंदा कोण लवकर बंद करील? कलम ३७१ (जे) खाली स्थानिकांना राखीव जागा मिळाल्या, ते चांगलेच झाले, पण जागा राखून ठेवणे वेगळे आणि त्या जागेवर माणूस टिकणे वेगळे.

साहेब मराठी वाचत नाही ही आपली तक्रार खरी आहे. पण आठ महिने राहणारा माणूस कोणाचीच भाषा शिकत नाही, तो कानडी शेतकऱ्याचेही ऐकत नाही. पाच वर्षे टिकला तर बाजारात भाव करण्यापुरती तरी मराठी येतेच, हे आपण जुन्या अधिकाऱ्यांत पाहिले आहे. आणि वरच्या मिळकतीविषयी म्हणाल, तर ज्याला ती खायची आहे त्याला पगाराची फिकीरच नाही, तो हवी ती जागा मिळवतो. अपुऱ्या पगाराने पळतो तो सरळ माणूस.

सरकारने यावर काढलेला नवा उपाय मला मुळाहून वाईट वाटतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये वित्तीय सेवा विभागाने सरकारी बँकांतील स्केल चार आणि वरच्या अधिकाऱ्यांसाठी वैयक्तिक कामगिरीवर आधारलेले प्रोत्साहन आणले. संघटनांनी विरोध केला, मार्च २०२५ च्या संपाच्या हाकेत ती एक मागणी होती, संप मग पुढे ढकलला गेला. कामगिरी मोजायची म्हणजे काय मोजायचे? ठेवी, कर्जे, विमा पॉलिसी. दुष्काळात औरादच्या शेतकऱ्याचे कर्ज फेरबांधणी करून देणारा मॅनेजर त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतो? गुण देणारा वरचा साहेब आणि गुण घेणारा खालचा, मधे तिसरा कोणी नाही. माणसाचा पगार असा एकाच्या मर्जीवर टांगणे याला न्याय्य वेतन म्हणत नाहीत.

मागणी सरळ आहे. ज्यांना लवाद नाही आणि संपाची सोयही नाही, अशा अधिकाऱ्यांसाठी कायमचे स्वतंत्र वेतन मंडळ असावे. दहा-दहा वर्षांनी जागे होणारा आयोग पुरेसा नाही. इंग्लंडात वरिष्ठ अधिकारी आणि न्यायाधीशांसाठी असे मंडळ १९७१ पासून आहे, अमेरिकेत १९९० च्या कायद्याने ठिकाण पाहून पगार ठरतो. आपल्या मंडळाने १९५६ च्याच कसोट्या त्याच क्रमाने लावाव्यात, त्यांत ठिकाणाची एक भर घालावी, आणि त्याचा निर्णय सरकारवर बंधनकारक असावा. अतिरिक्त कार्यभाराला निम्मा पगार द्यावा, म्हणजे जागा रिकामी ठेवणे परवडणार नाही. पैसा कुठून येणार, असे विचारतील. जो ९० टक्के दरमहा वाचतो आहे, तिथून सुरुवात करावी.

आठव्या केंद्रीय आयोगाच्या अध्यक्षा न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत, आणि २०२५ मध्ये नेमलेल्या या आयोगाला अहवालासाठी १८ महिने दिले आहेत. आयोग केंद्राचा असला तरी राज्ये त्याच्याकडे पाहूनच आपला गुणाकार ठरवतात. संघाच्या पुढील बैठकीला मी आयोगासाठी एक आणि राज्य सरकारसाठी एक अशी दोन निवेदने लिहून आणतो, मराठीत आणि कानडीत. ज्या घरांत १९५६ नंतरचे समकक्ष हुद्दा ठरवल्याचे आदेश, आजोबांचे अपील किंवा पगाराचे जुने कागद असतील, त्यांनी झेरॉक्स काढून आणावी. उर्दूतला कागद असला तरी चालेल, वाचणारे एक गृहस्थ अजून आपल्यात आहेत.