अंगठा काळा पडण्याआधी
चार पावले चालले की पोटरी भरून येते, थांबले की उतरते. ‘वय झालं’ म्हणून ते अंगावर काढले जाते. मधुमेह किंवा बिडी-तंबाखू असेल, तर पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका आधी घ्यावी. जांघेतून बारीक नळी सरकवून फुग्याने ती रक्तवाहिनी रुंद करता येते, गरज पडल्यास स्टेंट. मोठी चिरफाड टळते. पण अंगठा काळा पडल्यावर आलेल्या रुग्णाचा पाय दरवेळी वाचत नाही. नांदेडचे विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालय असो की लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था, मधुमेहाच्या बाह्यरुग्णाची चप्पल काढून पाय पाहिलाच पाहिजे. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर तपासणी पुढे न्यावी. हा दाब मोजायला लागणारे हातातले डॉप्लर यंत्र तालुक्याच्या रुग्णालयांनाही द्या.