आमच्या चुलीचं धुराडं

मुलांनो,

थंडी सुरू झाली की मला माझ्या वर्गातली एक गंमत कळते. सकाळी वह्या तपासताना कुणी जवळ येऊन उभं राहिलं, की आज कुणाच्या घरी चुलीवर पाणी तापलंय ते न विचारता समजतं. स्वेटरला धुराचा वास असतो ना! यात लाजण्यासारखं काही नाही बरं का. मी चौथीत होते तेव्हा माझ्या दप्तरालाही तोच वास यायचा.

आता खेड्यापाड्यांतही पुष्कळ घरांत गॅस आलाय. पण आंघोळीचं पाणी, भाकरी, सणावाराचं मोठं पातेलं, यासाठी चूल अजून पेटतेच. म्हणून आज आपण चुलीच्या धुराड्याबद्दल बोलू या. आधी आमच्या घरची गोष्ट सांगते.

माझी आई रोज पहाटे चुलीपुढे बसायची. फुंकणीनं फुंकायची, डोळे पुसायची आणि खोकायची. तिचा खोकला ऐकूनच आम्हाला जाग यायची. तेव्हा सरकारची सुधारित चुलींची योजना चालू होती. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या या योजनेतून देशभरात ३ कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. तशी एक आमच्याकडेही बसली. दोन माणसं आली, अर्ध्या दिवसात चूल घातली, एक पाइप कौलांतून जेमतेम बाहेर काढला आणि गेली.

पहिले चार दिवस काय आनंद! पण डोंगराकडून वारा सुटला, की सगळा धूर उलटा घरात. आणि एका रात्री जळका वास आला म्हणून वडिलांनी बॅटरी घेऊन वर पाहिलं, तर पाइपाला टेकलेला वासा काळा पडून धुमसत होता! दुसऱ्या दिवशी पाइप उपटला गेला. आई पुन्हा फुंकणी घेऊन धुरात बसली. पुढं कुणी धुराड्याचं नाव काढलं, की म्हणायची, "मेलं ते नळकांडं, नको पुन्हा घरात!"

मुलांनो, खोट धुराड्यात नव्हती, बसवण्यात होती. हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. मग आम्ही एका जाणत्या गवंडीकाकांना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, आधी छपरावर चढतो, मग चूल बघतो." तिथंच मला वाटलं, हे काम नीट होणार.

आता मला सांगा, धूर वर का जातो? चूल पेटली की पाइपातली हवा तापते, पसरते आणि बाहेरच्या गार हवेपेक्षा हलकी होते. जड गार हवा चुलीच्या तोंडातून आत घुसते आणि हलक्या हवेला वर ढकलते. तिच्याबरोबर धूरही निघतो. पाइप जितका उंच, सरळ आणि गरम, तितकी ही ओढ जास्त. पाइप आडवा नेला किंवा त्याला दोन-तीन कोपरे दिले, की ओढ मरते. म्हणून काकांनी वैलाच्या मागून पाइप उभा, सरळ वर नेला.

किती उंच? त्याचा एक सोपा हिशेब आहे, वहीत लिहून ठेवा. पाइप छपरातून जिथं बाहेर पडतो, तिथून वर निदान ३ फूट हवा. शिवाय पाइपाच्या १० फुटांच्या आत छपराचा जो सगळ्यात उंच भाग येतो, त्याच्याहूनही तो २ फूट वर हवा. असं का? वारा छपरावर आदळतो आणि आढ्याच्या पलीकडे खाली गोते खातो. पाइपाचं तोंड त्या भोवऱ्यात सापडलं, की वारा धूर पुन्हा आत कोंबतो. आमचा जुना पाइप आढ्याच्या बराच खाली होता! पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर पत्र्याची टोपी बसवतात, पण धूर बाहेर पडायला बाजूनं मोकळी जागा ठेवून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकपदरी पत्र्याचा पाइप लाकडापासून निदान दीड फूट लांब हवा. वासे, रिपा, फडताळ, दोरीवरचे कपडे, सगळ्यांपासून. लाकूड रोज तापून तापून कोरडंठाक होतं आणि मग कमी उष्णतेलाही पेटू शकतं. आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही, असं नसतं. काकांनी आमचे वासे मध्ये कापून आडव्या लाकडांची ऐसपैस चौकट केली. त्या मोकळ्या जागेवर पत्रा टाकला आणि पत्र्याच्या बरोबर मधून पाइप काढला. कुठल्याही बाजूनं मोजा, लाकूड दीड फुटापेक्षा दूरच!

पाइपाचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत घालतात. तुम्हाला वाटेल, उलटं हवं! पण धुरातली काळी ओल पाइपाच्या आतून खाली ओघळते. असं जोडलं, की ती आतल्या आत चुलीत उतरते, बाहेर भिंतीवर गळत नाही. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारले, म्हणजे पाइप हलत नाही.

चुलीजवळचा तुकडा काळ्या जाड पत्र्याचा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा फार तापला, तर त्यातून अपायकारक वाफ निघते. आणि जुना ॲस्बेस्टॉसचा पाइप घरात पडलेला असेल, तर तो कापू नका, फोडू नका, खेळायला घेऊ नका. त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट.

धुराडं बसलं म्हणजे काम संपलं का? नाही! ओलं सरपण जाळलं, की धूर गार आणि दमट होतो आणि पाइपात डांबरासारखा थर धरतो. हा थर पेटतो! मग पाइपातून घरघर आवाज येतो, पाइप लाल होतो. असं दिसलं तर पाणी ओतायला धावू नका. मोठ्यांना हाक मारा, सगळे बाहेर पडा आणि १०१ वर फोन करायला सांगा. पण ती वेळच येऊ नये म्हणून सरपण पावसाआधी आडोशाला रचून वाळवावं. चूल रोज पेटत असेल, तर दर महिन्याला, ती पूर्ण गार असताना, मोठ्यांनी लांब ब्रशानं पाइप झाडावा.

आणि एक शत्रू असा आहे की तो दिसत नाही, त्याला वासही नसतो. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. विस्तव जळतो तिथं तो तयार होतो. म्हणून चुलीच्या खोलीची खिडकी कधी गच्च बंद करू नका आणि निखाऱ्यांची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नका. कितीही थंडी असो!

बाई एवढं का सांगतायत, असं वाटतंय? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत २ लाखांहून जास्त मुलं पाच वर्षांखालची होती. तुमच्या धाकट्या भावंडांएवढी.

करून बघा : हा प्रयोग घरातलं मोठं माणूस बरोबर असतानाच करायचा. चूल पेटवण्याआधी आत थोडा कागद जाळून पाइप गरम करायला सांगा. मग पेटलेली उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरा. तिचा धूर आत ओढला गेला, तर धुराडं ठीक. बाहेर आला, तर पाइप तुंबलाय किंवा उंचीला कमी आहे. नंतर घरातल्या पाइपापासून जवळच्या लाकडापर्यंत किती अंतर आहे, ते चूल गार असताना पट्टीनं मोजा. छपरावर मात्र तुम्ही चढायचं नाही! तुमचं काम मोजायचं आणि मोठ्यांना सांगायचं.

आईचा खोकला गेला का, असं विचाराल. पूर्ण नाही गेला. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या धुरानं झालेलं नुकसान सगळं भरून येत नाही. पण आता ती पाणी तापत ठेवून चुलीपाशीच पाटावर बसते आणि चष्मा लावून पेपर वाचते. डोळे पुसावे लागत नाहीत. फुंकणी खुंटीला टांगलेली आहे. धुराडं तेव्हाच नीट बसलं असतं, तर तिची किती वर्षं धुरात गेली नसती!

तुमच्या घरचं अंतर किती भरलं, ते मला पत्रानं जरूर कळवा. वाट बघते.

तुमची,
बाई