खाण तशी माती?

पौगंडावस्थेतील मुलगा उर्मट वागू लागला, शाळा चुकवू लागला अथवा त्याच्या खिशात सिगारेट सापडली की घराघरांतून दोनच निदाने ऐकू येतात. ‘संगत वाईट लागली’ हे एक आणि ‘खाण तशी माती’ हे दुसरे. पहिल्यात दोष शेजाऱ्याच्या मुलाचा, दुसऱ्यात रक्ताचा. घर मात्र दोन्हींतून निर्दोष सुटते. ही सुटका विज्ञानाला मान्य नाही.

रक्ताचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. मद्यासक्तीच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्याचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे जुळ्यांच्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसते. परंतु वारशाने येते ती प्रवणता, व्यसन नव्हे. त्यात वयाची भर पडते. उत्तेजनाची ओढ लावणारी मेंदूतील केंद्रे याच वयात जोर धरतात. आवर घालणारा कपाळामागील भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. तोवर हा आवर बाहेरून, म्हणजे घरातून पुरवावा लागतो.

घर काय करू शकते, याचे उत्तर अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. रेमी कॅडोरेट यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. जन्मदात्यांत समाजविघातक वृत्तीचा विकार असलेली दत्तक मुले कलहाच्या, व्यसनाच्या घरात वाढली, तेव्हा त्यांच्यातील आक्रमकता वाढली. असा वारसा नसलेल्या मुलांवर तशाच घराचा तसा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याचा वारसा दुबळा, त्याला चांगल्या घराची गरज इतरांहून अधिक. ‘बापाच्या वळणावर गेला’ म्हणून ज्याला आपण सोडून देतो, त्यालाच धरून ठेवायला हवे.

आइसलँडचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी मागील महिनाभरात दारूने झिंगलेल्यांचे प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होते. २०१६ साली ते ५ टक्क्यांवर आले. अठरा वर्षांत राष्ट्राचे रक्त बदलत नाही. बदलले ते पालक. मुलांसोबत अधिक वेळ घालविण्याचे करार त्यांनी आपसांत केले, रात्री मुले वेळेवर घरी येतील हे पाहिले. शासनाने खेळ व संगीतासाठी पैसा दिला.

आपल्याकडे सोयरीक जुळविताना कुळाची बारकाईने चौकशी होते. पण काकांचे दारूपायी काय झाले, हे त्याच कुळातील मुलाला कुणी सांगत नाही. मधुमेहाचा वारसा आपण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगतो, व्यसनाचा प्रतिष्ठेखाली झाकतो. ज्याला जोखीम ठाऊकच नाही, तो सावध कसा राहणार?

म्हणून रोज एक वेळचे जेवण एकत्र व्हावे. मुलाचे मित्र नावाने ठाऊक असावेत. नियम थोडे, पण न बदलणारे असावेत आणि वडिलांनाही लागू असावेत. हाती पेला धरून केलेला उपदेश मुले ऐकत नाहीत. पाऊल घसरलेच, तर मार वा अबोला न धरता तज्ज्ञाकडे जावे. पुण्यात अवचट दांपत्याने १९८६ साली उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसन हा आजार मानून उपचार करण्याची वाट महाराष्ट्राला दाखविली आहे.

खाण आपल्याला निवडता येत नाही. मातीची मशागत मात्र आपल्याच हाती आहे, आणि तिला सुट्टी नसते.