लॅपटॉप बंद पडला तरी वही बंद पडू नये

व्यापारी बंधूंनो, आपल्या गल्ल्याशेजारची लाल वही जाऊन तिथे लॅपटॉप कधी आला, हे आता आपल्यालाच आठवत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्यांनी उभी हयात बोरू-पेनाने हिशेब लिहिला त्यांनाही यंत्रापुढे बसावे लागले. बसलो, शिकलो, चालवलेही. परंतु हे यंत्र एखाद्या सकाळी उघडलेच नाही तर काय करायचे, हे आपल्यापैकी फारच थोड्यांनी शिकून घेतले आहे. त्याची किंमत काय असते, ते आम्ही मागच्या पावसाळ्यात अनुभवले.

टोकावड्यात त्या आठवड्यात माळशेजकडून वाऱ्यापावसाचा नुसता मारा चालू होता. वीज दिवसातून दहा वेळा जात होती आणि येत होती. महिन्याची १८ तारीख. सकाळी दुकान उघडून लॅपटॉपचे बटण दाबले तर ना दिवा, ना आवाज. २० तारखेला विवरणपत्र भरायचे होते. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये दंड आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज, हा हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ आहे. विवरणपत्र दुसऱ्या कुठल्याही संगणकावरून भरता येते हे खरे. पण त्यात भरायचे आकडे आमच्या बंद डब्यात होते.

आम्ही लॅपटॉप पिशवीत घातला आणि कल्याण गाठले. चार्जर दुकानातच राहिला. तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने दोनदा बटण दाबून पाहिले आणि निकाल दिला: बोर्ड गेला, आठ हजार लागतील, आतल्या माहितीची हमी नाही. आमची उर्दू शाळेतली शिकवण. पडद्यावर इंग्रजीची एक ओळ दिसली तरी हात आखडतो, मग काळ्या पडद्यापुढे आम्ही काय बोलणार? तरीही सगळ्या गिऱ्हाइकांची उधारी अनोळखी माणसाच्या फळीवर ठेवून यायला मन धजेना. लॅपटॉप घेऊन परत आलो.

इथे खरी गोष्ट सुरू होते. त्याच संध्याकाळी वरच्या वाडीतले एक शेतकरी दुकानात आले. मुलीच्या लग्नाचा बस्ता त्यांनी उन्हाळ्यात आमच्याकडून उधारीवर नेला होता. भातलावणी उरकली, हातात चार पैसे आले, तसे ते देणे फेडायला आले. "शेठ, माझ्याकडे ६२०० निघतात ना?" त्यांनी विचारले. वही बंद होती. आम्ही म्हणालो, "तुम्ही म्हणता तर तेवढेच असतील." त्यांनी मोजून दिले, आम्ही मोजून घेतले.

दुसऱ्या दिवशी गावातला एक कॉलेजात जाणारा मुलगा आपला अ‍ॅडॉप्टर घेऊन आला. तो लावला आणि लॅपटॉपचा दिवा लागला. कापडाच्या थानांमागे गेलेली आमच्या चार्जरची वायर उंदरांनी कुरतडली होती. बोर्ड ठणठणीत होता. विवरणपत्र वेळेत गेले. मग त्या शेतकऱ्याचे खाते उघडले, तर बाकी ५७०० होती. ५०० रुपये त्यांचा थोरला मुलगा मध्यंतरी देऊन गेला होता. बापाला ते ठाऊक नव्हते आणि आम्हाला आठवले नाही. आम्ही पाचशेची नोट घेऊन वाडीवर गेलो. ते हसले, चहा पाजला. आम्हाला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही. लॅपटॉप उघडलाच नसता तर? आमच्या गल्ल्यात पाचशे रुपये हरामाचे पडून राहिले असते आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागला नसता.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाविषयी नाही, ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. सूरह बकराची २८२ वी आयत. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, न्यायाने लिहा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. आमचे मत असे की, लिहून ठेवण्यात ते लिहिलेले वाचता येईल अशा अवस्थेत ठेवणेही आले. गिऱ्हाइकाचे खाते ही अमानत आहे. ती एकाच डब्यात बंद करून डबा उंदरांच्या आणि पावसाच्या हवाली करणे याला व्यापार म्हणत नाहीत.

म्हणून पहिला अर्धा तास प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने काम करावे. सर्वप्रथम भिंतीतले सॉकेट पाहावे; मोबाइलचा चार्जर त्यात लावला की वीज आहे की नाही ते समजते. मग एक्स्टेंशन बोर्ड काढून अ‍ॅडॉप्टर थेट भिंतीत लावावा. वायर टोकापासून टोकापर्यंत डोळ्यांनी तपासावी. कुरतडलेली दिसली तर तिला हात न लावता आधी बटण बंद करावे. शक्य असल्यास त्याच कंपनीचा, तितक्याच व्होल्टचा आणि किमान तितक्याच वॅटचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहावा. नव्या लॅपटॉपच्या टाइप-सी भोकात मोबाइलचा चार्जर बसतो खरा, पण त्याची ताकद बहुधा अपुरी पडते; त्यावरून लॅपटॉप मेला असा निष्कर्ष काढू नये.

तरीही दिवा लागला नाही तर चार्जर काढावा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढावी, पेनड्राइव्ह, माऊस, प्रिंटर सगळे सोडवावे आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत अडकून राहिलेली वीज अशाने निघून जाते. मग फक्त चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. विजेच्या चढउतारानंतर गप्प झालेली कितीतरी यंत्रे एवढ्यानेच बोलू लागतात. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. तिला आग लागू शकते.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, अशी अवस्था असेल तर कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागतो-विझतो म्हणजे यंत्र जागे आहे, दोष पडद्याचा असू शकतो. पडद्यावर विजेरी तिरकी धरून पाहावी; अंधूक अक्षरे दिसली तर फक्त पडद्यामागचा उजेड गेलेला असतो. अशा वेळी दुसरा पडदा किंवा टीव्ही वायरने जोडून काम भागते. बीप असा ठरावीक आवाज येत असेल तर तो किती वेळा येतो ते मोजून कागदावर लिहावे. पुष्कळदा तो सैल झालेल्या किंवा दमट हवेने मळलेल्या रॅमचा इशारा असतो. रॅम काढून, तिची टोके पुसून परत बसवणे हे कारागिराचे पाच-दहा मिनिटांचे काम आहे.

आणि यंत्र सुरू होऊन विंडोजपाशीच अडत असेल तर घाबरू नये. सलग दोन-तीनदा सुरुवात फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यातून सेफ मोडमध्ये जाता येते. १९ जुलै २०२४, जुम्म्याचा दिवस आठवा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीतील एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून थांबली. आपल्या देशातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ज्यांनी पेन आणि कागद काढला त्यांचे प्रवासी निघाले. इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे. एवढ्या मोठ्या कंपन्यांची यंत्रे बसतात, तर आपले बसणारच. लाज वाटण्याचे कारण नाही.

कारागिराकडे जावे लागले तर चार्जर बरोबर न्यावा. आधी माहिती बाहेर काढा, मग दुरुस्ती करा, आणि न विचारता फॉरमॅट करू नका, हे स्पष्ट सांगावे, पावतीवर लिहून घ्यावे. बोर्ड खरोखर जळाला तरी हार्ड डिस्क बहुधा सुरक्षित असते. ती वेगळी काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र ती बोर्डालाच चिकटलेली असते. नव्या विंडोजमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असू शकते. त्याची ४८ अंकी किल्ली आजच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. किल्ली नसेल तर कुठलाच कारागीर ते कुलूप उघडू शकत नाही. आणखी एक सांगतो: विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्यांच्या दुकानात अजून तेच चालते त्यांनी फार दिवस ढकलू नये.

हे सगळे झाले तरी खरे संरक्षण एकच. दुकान बंद करताना, गल्ला मोजतो त्याच वेळी, दिवसाचा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवावा आणि पेनड्राइव्ह काढून घरी न्यावा. यंत्रालाच लावून ठेवला तर यंत्राबरोबर तोही जाईल. महिन्याच्या शेवटी उधारीची यादी कागदावर छापावी. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि न्यायालयात गेलात तर केवळ वहीतील नोंदीवर, मग वही कागदाची असो की संगणकातली, कुणावर देणे लादता येत नाही. म्हणून उधारीच्या पावतीवर गिऱ्हाइकाची सही घेण्याची जुनी रीत सोडू नये.

शेवटी आपल्या जमातींना आणि व्यापारी मंडळांना एक विनंती. शहापूर-मुरबाडच्या गावागावांत संगणक शिकलेली मुले आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ त्यांना बोलवा, दुकानदारांना आणि कारागिरांना समोर बसवा, आणि एक लॅपटॉप उघडून दाखवा. आमच्या मदतीला जो मुलगा आला त्याने पैसे घेतले नाहीत. बहिणीसाठी ओढणी मात्र घेऊन गेला. आम्ही ती खात्यावर लिहिली नाही, एवढी एकच नोंद आम्ही त्या महिन्यात मुद्दाम सोडली.