न्हाणीघर

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आमच्याकडे केळ्यांचा पूर येतो. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. दोन्ही पेठांना दोन रात्री झोप नसते. शंभर पावलांत चार मांडव: राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटांचे पुडे, उपमा, चहा. मांडवाच्या वर दात्यांचे हसरे फ्लेक्स. वारकरी बिचारे नको म्हणत नाहीत, पिशवीत केळी कोंबत पुढे सरकतात.

माझी आई केळी वाटत नाही. ती न्हाणीघर उघडं ठेवते.

‘‘खायला सगळेच घालतात गं. बाईमाणसानं जायचं कुठं, हे कुणी विचारतं का?’’ हे तिला तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं सांगितलेलं. आजी वारीला चालत जायची. आडोसा मिळेल की नाही या धास्तीनं बायका दिवसभर घोटघोट पाण्यावर काढतात, हे आजीच्या तोंडून ऐकल्यापासून आईनं हा एकच नेम धरला. देवाच्या मात्र फार मागे लागत नाही. पालखी हाकेच्या अंतरावर असूनही कित्येक वर्षं तिचं दर्शन हुकलंय, कारण त्या दोन दिवसांत बंबाला सुट्टी नसते.

आता फिरती शौचालयं येतात, ‘निर्मल वारी’मुळे पुष्कळ सोय झाली आहे. तरी जिन्यात बायकांची रांग लागतेच. अंघोळीला ऊन पाणी, दार लावून घेता येईल अशी जागा, मोबाइलला चार्जिंग.

एका वर्षी मी ऑफिसातून भिजून आले. जिन्यात चिखल, न्हाणीत चिखल, माझा टॉवेल कुणाच्या तरी खांद्यावर. मी तिथूनच ओरडले, ‘‘आई, घराची धर्मशाळा करून ठेवलीयेस नुसती!’’ आई काही बोलली नाही. न्हाणीतून खराट्याचा आवाज यायला लागला. आत सत्तरीची एक बाई खाली बसून फरशी घासत होती. घासून झाल्यावर बाहेर आली, ‘‘माऊली’’ म्हणाली आणि सरळ माझ्या पायांवर डोकं ठेवलं. वारीत हे चालतंच, लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, मला ठाऊक होतं. पण माझे पाय अजून चपलेत होते. मीही वाकले. उठून बघते तर ती टॉवेल पिळत होती.

तिचं एकच नऊवारी अंगावेगळं होतं, तेही ओलंचिंब. गॅलरीत दोरी बांधून वाळत टाकलं. पावसाळी हवेत नऊ वार कापड रात्रीत कुठलं वाळायला? आणि पहाटे सासवडची वाट धरायची. पल्ला मोठा, वर दिवे घाट. साडेतीनला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. आईनं ओट्यावर घोंगडी पसरून लुगड्यावर इस्त्री धरली होती. वाफ निघत होती, ओल्या सुताचा वास घरभर. बाई शेजारी बसून ‘‘राहू द्या हो, अंगावरच वाळंल’’ म्हणत होती.

आईनं मान वर न करता मला हाक मारली, ‘‘उभी काय राहिलीस? पदर धर तिकडून, जमिनीला लागतोय.’’