कॉफीची चव कुणाच्या बापाची?

गेल्या उन्हाळ्यापासून गगनबावड्यात आम्ही पाच-सहा जण रविवारी दुपारी एकत्र बसतो आणि कॉफीच्या कच्च्या बिया भाजतो. साहित्य काय, तर लोखंडी कढई, झारा, चाळण आणि एकाच्या आईची चूल. वस्तीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मग जयंतीच्या तयारीची बैठक झाली. त्यात चळवळीत उभी हयात घालवलेल्या आमच्या तात्यांनी सगळ्यांसमोर आम्हाला धरले. "पोरांनो, निम्म्या पोरांच्या हाताला काम नाही आणि तुम्ही बिया भाजत बसलाय? ही सदाशिव पेठेतली थेरं आपल्याला कशाला पायजेत?"

बैठकीत हशा पिकला. आम्ही गप्प बसलो, कारण तात्यांना तोंडावर उत्तर देण्याची आमच्यात रीत नाही. पण उत्तर द्यायला हवे, म्हणून हे लिहीत आहोत.

तात्यांच्या वाक्याचे दोन भाग आहेत. हाताला काम नाही, हा पहिला भाग शंभर टक्के खरा आहे आणि त्यावर आम्ही पुढे येणारच आहोत. आमचे भांडण दुसऱ्या भागाशी आहे. ही थेरं 'त्यांची' आहेत हे कुणी ठरवले? चांगली चव, बारकाईने ओळखलेला वास, निवडून घेतलेली बी या गोष्टी एका विशिष्ट पेठेच्या मालकीच्या आहेत आणि आपल्या वाट्याला फक्त उकळलेला गोड चहा, ही वाटणी आपण तोंडाने मान्य का करायची? पाण्यावरची मालकी आपण १९२७ साली महाडला नाकारली. मग चवीवरची मालकी आपण होऊन कुणाला बहाल का करायची?

मित्रांनो, जरा इतिहास पाहू. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. येमेनमधल्या मोखा बंदरातून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या त्या बाबा बुदन नावाच्या सुफी फकिराने, असे सतराव्या शतकाबद्दलची आख्यायिका सांगते. म्हणजे आरंभाला ना मठ होता, ना सोवळे. पुढे इंग्रजांनी मळे लावले. सिलोनच्या कॉफीमळ्यांत राबायला तमिळ मुलखातून जी माणसे नेली, त्यांत अस्पृश्य जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. १८६९ मध्ये तिथल्या झाडांवर तांबेरा पडला, हळूहळू कॉफी गेली आणि चहा आला. पीक बदलले, मजूर त्याच जातींचे राहिले.

मग ही कॉफी 'त्यांची' झाली कुठे? हॉटेलात. मद्रास इलाख्यात कॉफीच्या हॉटेलांवर 'ब्राह्मण' अशी पाटी असे. आत ब्राह्मणांची बसण्याची जागा वेगळी आणि आपल्या माणसाला उंबराच बंद. कॉफी वरून ओतून, ओठ न लावता प्यायची, ही रीत उष्ट्याच्या विटाळाशी जोडलेली. आज तोच पितळी पेला आणि तीच वाटी 'परंपरा' म्हणून महागड्या कॅफेत मिरवली जाते. १९५७ साली पेरियारांच्या चळवळीने मद्रासच्या मुरली कॅफेपुढे सत्याग्रह केला, तो पाटीवरचा हाच शब्द काढण्यासाठी. स्वातंत्र्याला दहा वर्षे झाली होती, संविधान लागू होऊन सात, आणि एका शब्दासाठी कार्यकर्ते तुरुंगात जात होते! कॉफीचा पेला ही राजकीय वस्तू नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे एकदा वाचावे.

आणि मद्रासला तरी कशाला जायचे? आपल्या कोल्हापुरात काय घडले ते तात्यांनीच आम्हाला लहानपणी सांगितले आहे. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना बेदम मारले. महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? कुणी येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावत. ज्या महाराजांनी १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखीव केल्या, त्यांना एका कपाची किंमत नेमकी कळली होती. कागदावरचा हुकूम कचेरीत पोहोचतो. हातचा चहा घशाखाली उतरतो, तेव्हा विटाळ मोडतो. या महाराजांनी आपल्या संस्थानात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही करून पाहिले होते, हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे.

आता संविधान उघडा. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा उल्लेख आहे. १९५५ चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा आणखी पुढे जातो. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात लोकांसाठी ठेवलेल्या भांड्यांचा वापरसुद्धा नोंदवला आहे. भांड्यांचा! देशाच्या कायद्याला कपबशीची दखल घ्यावी लागली, कारण गावोगावच्या हॉटेलांबाहेर आपल्या माणसांची कपबशी वेगळी टांगलेली असे आणि ती पिणाऱ्याने स्वतः विसळून परत टांगायची असे. ज्यांच्या आज्यांनी ती कपबशी विसळली, त्यांच्या नातवंडांनी उत्तम कॉफी करायला शिकणे ही चैन कशी?

आता आम्ही प्रत्यक्षात काय करतो ते सांगतो, म्हणजे थेर कशाला म्हणायचे ते ठरवता येईल.

कर्नाटकातून आणलेल्या कच्च्या अरेबिका बिया हिरवट-करड्या असतात. आधी त्या सुपात पाखडायच्या, मग निवडायच्या. काळी, किडकी, फुटकी बी बाहेर. त्यातली एक आंबलेली बी राहिली तरी सगळा कप बिघडतो. मग कढई तापवून बिया टाकायच्या आणि झारा थांबू द्यायचा नाही. आधी गवतासारखा वास येतो, बी पिवळी पडते, मग भाजलेल्या भाकरीसारखा वास सुटतो. दोनशे अंशांच्या आसपास लाह्यांसारखी तडतड सुरू होते. ती झाल्यावर लवकर उतरवले तर कॉफी आंबटसर, फळासारखी लागते. थांबलात तर दुसरी, बारीक तडतड येते, बीला तेल सुटते आणि चव कडवट होते. उतरवून लगेच चाळणीत गार करायची, फोलपटे फुंकायची, एक-दोन दिवस राहू द्यायची, मग दळायची. झाले. एवढ्यासाठी शहरात कार्यशाळा होतात आणि फी घेतात.

पहिल्या दोन घाण्या आम्ही जाळून कोळसा केल्या. मोबाईलवर मिनिटे मोजत होतो. चूल ज्यांची, त्या काकू बाजूला बसून बघत होत्या. तिसऱ्या घाणीला त्या म्हणाल्या, "घड्याळ ठेव बाजूला. वास बदलला की उतरव." वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या, धणे, तीळ, खोबरे भाजण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या नाकाला कॉफी नवी असली तरी भाजणे नवे नव्हते. त्या दिवसापासून झारा त्यांच्या हातात आहे.

बावड्याच्या पावसानेही शिकवले. इथला पाऊस जिल्ह्याला माहीत आहे. जून ते सप्टेंबर धुके दारातून आत येते. जुलैत आमच्या दोन किलो बियांना बुरशी आली, कारण कच्च्या बीत दहा-बारा टक्क्यांपेक्षा ओल चढली की ती टिकत नाही. गंमत अशी की कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर मुद्दाम पावसाळी वाऱ्यात बिया फुगवून 'मान्सून्ड मलबार' नावाने जगभर विकतात. त्यांचे ते वैशिष्ट्य आणि आमचे ते नुकसान! असो, आता बिया बंद डब्यात ठेवतो.

काकूंच्या नाकापासूनच आमचा खरा मुद्दा सुरू होतो. शंभरपैकी ऐंशी किंवा जास्त गुण मिळवणाऱ्या कॉफीला 'स्पेशालिटी' म्हणतात. तिच्या पाकिटावर काय काय छापलेले असते? मळ्याचे नाव, मालकाच्या घराण्याच्या किती पिढ्या, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचा वाण. पण पिकलेले लाल फळ कच्च्यातून वेगळे तोडले कुणी, हे नसते. कॉफी निवडण्याच्या कारखान्यांत बायका दिवसभर बसून सदोष बी हाताने बाजूला काढतात. ऐंशी गुणांचा पाया त्या बोटांनी घातलेला असतो, पण त्यांची गणना अकुशल मजुरांत होते आणि कप हुंगून गुण देणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. जात म्हणजे श्रमाची नव्हे, श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. कॉफीचे पाकीट हातात धरा, ती विभागणी लेबलवर दिसेल.

कोडगूत तर मळ्यांवरच्या 'लाइनीं'त आदिवासी कुटुंबांच्या पिढ्या गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये दिड्डळ्ळी इथे शेकडो आदिवासी कुटुंबांच्या झोपड्या वनखात्याने पाडल्या. त्यातले अनेकजण लाइनीतले जगणे सोडून स्वतःच्या निवाऱ्यासाठी तिथे आले होते. त्या वर्षीच्या कॉफीच्या चवीत याची नोंद कुणी केली नाही.

म्हणून कॉफी पिऊच नये का? आमचे म्हणणे उलट आहे. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी स्वतःच्या जमिनीवर कॉफी पिकवतात. २०१७ मध्ये तिचे दुकान पॅरिसमध्ये निघाले आणि २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथेही संस्था, भांडवल आणि बाजार कुणाच्या हाती, हे प्रश्न विचारावेतच, पण जमीन पिकवणाऱ्याची आहे हा फरक लहान नाही. पेरियारांचा सत्याग्रह झाला त्याच १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून काढलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालवायला घेतले. कप विसळणारे मालक झाले. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्याला कॉफी होते, कोरकूंच्या मुलखात. तिच्याबद्दल आपल्या चळवळीत एक ओळ कुणी लिहिलेली आमच्या वाचनात नाही.

आता तात्यांचा पहिला भाग, हाताला काम. पावसाळ्यात करूळ आणि भुईबावडा घाटात गाड्यांची रांग लागते. टपऱ्या, हॉटेले, रिसॉर्ट भरतात. आपली पोरे तिथे काय करतात? कप विसळतात, गाड्या लावतात. एक किलो कच्ची बी भाजून साधारण साडेआठशे ग्रॅम उतरते, तरीही भाजलेल्या कॉफीचा भाव कच्चीच्या कितीतरी पुढे असतो. मधला पैसा भाजणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा. मळा घ्यायला आपल्याकडे जमीन नाही, पण कढई आहे. या साखळीत कमी भांडवलात शिरता येईल अशी हीच एक जागा आम्हाला दिसते. तिथे शिरायला चव कळली पाहिजे, त्यासाठी रविवार घालवावे लागतात.

एक कबुली द्यायला हवी. आमच्यातल्या एकाने मध्यंतरी तात्यांच्या गोड चहाला नाक मुरडले. त्याला त्या दिवशी सगळ्यांचे कप विसळायला लावले.

तात्या मागच्या रविवारी आलेच. दोन घोट घेऊन म्हणाले, "कडू हाय." गूळ घालून पूर्ण कप संपवला. मग विचारले, "धंदा काढणार, तर नोंदणी कुणाच्या नावानं?" अन्न विभागाच्या नोंदणीचा अर्ज आम्ही भरायला घेतला होता आणि मालक म्हणून आम्हा पोरांचीच नावे लिहिली होती. तात्यांनी चुलीकडे बोट दाखवले. काकू चाळणीतली फोलपटे फुंकत होत्या. पाकिटावर तोडणारीचे नाव नाही म्हणून एवढा लेख लिहिणाऱ्या आमच्या अर्जावर भाजणारीचे नाव नव्हते. अर्ज फाडला आहे. आता काकूंच्या बचत गटाच्या नावाने भरायचा की दोघांच्या भागीदारीत, यावर आमच्यात भांडण सुरू आहे. काकू म्हणतात, आधी हिशेबाची वही दाखवा.